गुरुवारची धूळ

आमच्या भाऊजींच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वजनकाटा असतो. प्रवासाला निघताना बॅग हुकाला लटकवून तोलतात ना, तसला छोटा काटा. भाऊजी त्याला चपला लटकवतात, जेवणाचा डबा लटकवतात, भाजीची पिशवी तर उंबऱ्यातच लटकवतात. शेजारणीने बारशाला बोलावलं, तर बाळाला झोळीसकट तोलून आले आणि म्हणाले, "बाळ मस्त आहे, झोळीच जड आहे."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दत्ता. त्यांच्याकडे जगाला द्यायला दोनच शेरे आहेत. आवडलं तर "लाइट आहे राव!" आणि नाही आवडलं तर "जड झालं." सत्काराचं भाषण लांबलं, जड झालं. आमटीत मीठ पडलं, जड झालं. गेल्या दिवाळीत त्यांनी माझी करंजी आणि माझ्या जावेची, मनीषाची, करंजी एकामागून एक तोलली. मी सारण ठासून भरते. आईने तसंच शिकवलं. भाऊजींनी माझी करंजी ताटात परत ठेवली आणि मान हलवली. "वहिनी, जड झालं. मनीषाची जिंकली."

मनीषाच्या करंजीत अर्धी हवा होती. तरी ती जिंकली. तेव्हापासून मला करंजी गोड लागत नाही.

भाऊजींनी आपल्या मोटरसायकलचं साडीगार्ड काढलं, आरसे काढले, मागची पकडायची दांडी काढली. मनीषा निऱ्या मुठीत धरून मागे बसते. नाशिक फाट्यावर पोलिसाने आरसे कुठायत म्हणून अडवलं, तर भाऊजींनी खिशातून काटा काढून त्यालाच विचारलं, "साहेब, तुमची काठी जरा बघू? जड वाटते." दंड भरून घरी आले ते खुशीत. काठी खरंच जड निघाली होती.

आता हा नाद कुठून लागला ते सांगते. भोसरीत आमच्या घराच्या खाली पत्र्याचं शेड आहे. तिथे भाऊजी कार्बन फायबरची बॉनेटं, दारं आणि डिकीची झाकणं बनवतात. गाड्या साध्याच असतात, आपल्या याच कारखान्यांच्या पट्ट्यात तयार झालेल्या. हौशी पोरं त्यांचं इंजिन बदलतात, गाडी बसकी करतात, चाकं रुंद करतात आणि स्पोर्ट्स कार म्हणून मिरवतात. तिला पळायला हलकं अंग लागतं. म्हणून मूळचा पत्रा काढायचा आणि कार्बनचा भाग बसवायचा.

साच्याला मेण लावून घासायचं काम माझ्याकडे आहे. तोंड दिसेपर्यंत घासावं लागतं. मेण कुठे राहिलं तर भाग साच्याला जन्माचा चिकटतो. मग कापड कापायचं. काळं, चकचकीत, तिरक्या विणीचं कापड. काठाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्यांवर काठ सारखा यावा लागतो, तशी दोन्ही दारांवर ही वीण समोरासमोर यावी लागते. कापड साच्यात बसवलं की वरून रेझिन, डिंकासारखं चिकट रसायन. ते गरम होऊन घट्ट व्हायच्या आत हात चालवायचा. मग वर प्लास्टिक चिकटवून पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. प्लास्टिक असं आवळतं की कापडाची वीण वरून मोजता यावी.

यातली खरी परीक्षा पंप लागल्यावर असते. प्लास्टिकला कुठे सुईएवढं भोक असेल तर बारीक सूं ऐकू येतं. ते ऐकायला भाऊजी पंखा बंद करतात, रेडिओ बंद करतात आणि गल्लीत येऊन ओरडतात, "मिक्सर बंद!" आणि गल्लीतल्या बायका मिक्सर बंद करतात! अर्धी वाटलेली चटणी तशीच ठेवून उभ्या राहतात. पलीकडची एक तर आपल्या नवऱ्याला खोकूही देत नाही.

आमचे हे वर्षानुवर्षं रात्रपाळी करून सकाळी घरी झोपले. त्यांच्यासाठी गल्लीतला एक मिक्सर कधी थांबला नाही.

मनीषाचा मला राग येतो तो पोळपाटाचा. लग्नाच्या वाढदिवसाला भाऊजींनी तिला कार्बनचा पोळपाट करून दिला. काळा, काचेसारखा. आलेल्या प्रत्येक बाईला ती तो एका बोटावर उचलून दाखवते. मी मनातल्या मनात माझा बाभळीचा पोळपाट तिच्या ओट्यावर आपटून आले. मग एकदा मीठ मागायला गेले तर मनीषा चपात्या लाटत होती. पोळपाट इतका हलका की चपातीबरोबर तोही गरगर फिरत होता. ती एका कोपराने तो दाबून धरत होती आणि दुसऱ्या हाताने लाटणं चालवत होती. मला पाहून तिने घाम पुसला आणि म्हणाली, "लाइट आहे ना, ताई, फार बरं पडतं."

तिथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कोपराने दाबून धरावा असा पोळपाट मला कुणी दिला नाही.

आमचे हे म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ. चाकणला एका कंपनीत आहेत. तिथे पत्र्याची बॉनेटं आणि दारं प्रेसखाली दाबून निघतात. यांचं काम हात फिरवायचं. सुती हातमोजे घालून पत्र्यावरून तळवा असा न्यायचा की डोळ्याला न दिसणारा खळगा किंवा उंचवटा हाताला कळावा. म्हणजे एक भाऊ चाकणला पत्रा पास करणार आणि दुसरा भोसरीत तोच पत्रा गाडीवरून उतरवणार. भाऊजी गिऱ्हाइकाला दोन्ही बॉनेटं तोलून दाखवतात. "हे कंपनीचं, हे आपलं. बघा फरक." ते "हे कंपनीचं" मला लागतं.

दोन वर्षांपूर्वी धुण्यात हातमोजे यायचे बंद झाले. मी काही दिवस वाट पाहिली, मग विचारलं. हे म्हणाले, "कॅमेरा बसवलाय. तोच बघतो आता." यांना खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं होतं. मी पुढे विचारलं नाही. मला कुठे बोलता येतं?

त्याच सुमारास भाऊजींनी नवीन तऱ्हा काढली. आपल्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. भाग तयार झाला, पॉलिश झाला, की भाऊजी गुरुवारी जिन्याखालून हाक मारणार, "दादा, जरा धूळ पुसायला येता का?"

धूळ! थोरल्या भावाला धूळ पुसायला बोलवायचं! हे निमूट उठणार, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवणार, खाली जाऊन मऊ फडक्याने बॉनेट या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसणार आणि वर येणार. मी म्हणायची, "मनीषाचे हात काय मोडलेत?" हे म्हणायचे, "असू दे गं." आणि एवढं पुसून झाल्यावर भाग त्या दिवशी गिऱ्हाइकाला मिळायचाच नाही. भाऊजी म्हणायचे, "उद्या या. थोडं राहिलंय." मग आज माझ्या नवऱ्याला कशाला राबवलं?

मोशीचं एक गिऱ्हाईक आहे, त्याला सगळे शेठ म्हणतात. वय लहान, देह मोठा. भाऊजींनी त्याच्या गाडीतून किती किलो कमी केले ते काट्यावर दाखवलं आणि वर म्हणाले, "शेठ, पत्र्यातलं निघत होतं तेवढं मी काढलं. आता सीटवर बसतं त्याचं तुम्ही बघा." मी जिन्यावर होते, मला वाटलं आता गिऱ्हाईक गेलं. पण शेठच पोट धरून हसला. भाऊजींना सगळं माफ असतं.

तो शेठ एका गुरुवारी दोस्तांना घेऊन लवकर आला. हे बॉनेट पुसत होते. शेठ म्हणाला, "काका, ते राहू द्या. आधी गार पाणी आणा जरा." हे फडकं ठेवून पाणी आणायला वळले. शेठ भाऊजींना म्हणाला, "हेल्पर बरा मिळालाय राव तुम्हाला. स्लो आहे, पण साफ काम आहे."

मी जिन्यावरून भाऊजींकडे पाहत होते. आता बोलतील, आता सांगतील की हा माझा सख्खा भाऊ आहे. भाऊजींनी खिशातून काटा काढला आणि दोन्ही हातांनी धरून नुसते उभे राहिले. यांनी सगळ्यांना पाणी दिलं. ग्लास गोळा करून वर आले.

पुढच्या गुरुवारी शेठची दारं तयार होती. खालून हाक आली, "दादा, धूळ पुसायला येता का?" हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "सांग त्याला, पाठ दुखते."

मी धावत जाऊन सांगितलं. त्या दिवशी मी पुरण घातलं.

त्यानंतरचे भाऊजी पाहण्यासारखे होते. दारं दोन स्टँडवर उभी आणि भाऊजी त्यांच्याभोवती फिरतायत. स्वतःच पुसलं. मग डोळे मिटून पुसलं. मग मनीषाला पुसायला लावलं, तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं. काटा खिशात तसाच. गल्लीत ट्रक भरून विटा आल्या तरी "जड झालं" म्हणाले नाहीत. संध्याकाळी शेठचा फोन आला तेव्हा आवाज जिन्यापर्यंत येत होता. रविवारी त्याला गाडी मेळाव्यात उभी करायची होती. "दत्ताभाऊ, दारं चकाचक दिसतायत की फोटोत! देताय की मुंबईवाल्याकडून घेऊ?"

"घ्या," भाऊजी म्हणाले. "मी अशी नाही देणार."

मनीषा वर येऊन रडली. म्हणाली, हे गिऱ्हाईक गेलं की याच्या ओळखीतली बाकीची पण जातील. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला, पण पुरणाएवढा नाही. मी खाली गेले. भाऊजींशी मी कामापलीकडे कधी बोलत नाही, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला.

"एवढं काय त्या धुळीचं, भाऊजी? आणा, मी पुसते."

त्यांनी फडकं पाठीमागे लपवलं. "तुम्ही पुसलं तर नुसती धूळ जाईल, वहिनी."

"मग आणखी काय जायला पाहिजे?"

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "दादा पुसतात तेव्हा हात एखाद्या जागी थांबतो. अगदी पापणी लवेल एवढाच. तिथे खोट असते. मला दिसत नाही, माझ्या हाताला लागत नाही. दादा वर गेले की मी तिथे खूण करतो, घासतो, परत कोट मारतो. मगच भाग जातो. त्यांच्या हातातून न गेलेला एक भाग मी आजवर दिला नाही."

"मग तसं सांगा की त्यांना!"

"सांगितलं होतं. कॅमेरा बसला तेव्हा म्हटलं, दादा, माझं पॅनेल तपासा. म्हणाले, कॅमेरा आण. उठून गेले. तपासायचं नाव काढलं की उठतात, वहिनी. म्हणून धूळ."

"आणि त्या शेठसमोर तुमचं तोंड का शिवलं होतं?"

"हेल्पर नाहीत म्हटलं असतं, तर मग कोण, काय करतायत, सगळं आलं असतं. दादांच्या देखत." त्यांनी आपले हात पाहिले. "काटा दोन्ही हातांनी धरला होता. नाहीतर त्याच्या डोक्यात घातला असता."

मी वर आले. हे खिडकीशी बसले होते. म्हटलं, "अहो, खाली दारांवर फार धूळ बसलीय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगठी काढली, घड्याळ काढलं आणि पाठदुखीसकट जिना उतरले.

रविवारी शेठची गाडी मेळाव्यात गेली. दारांसकट.

पण मला सांगायचंय ते त्याच गुरुवारच्या रात्रीच्या जेवणातलं. हे ताटावर बसले आणि सहज म्हणाले, "डाव्या दाराला कडीच्या खाली खळगा आहे. दोनदा थांबलो, तर दत्ता नेमका आढ्याकडे बघतोय. मी बघत नाही असं दाखवायला मान वर करतो येडा. मग फडकंच पाडलं तिथे."

तव्यावरची चपाती उलटायची राहिली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"काय?"

"तो तुमचा हात बघतो ते."

"पहिल्या दिवसापासून."

"मग सरळ सांगत का नाही त्याला?"

"सांगितलं की त्याची ड्यूटी होते," हे म्हणाले. "चपाती करपतेय."

एवढंच. दोघं भाऊ दोन वर्षं एकमेकांना फसवतायत आणि दोघांनाही ते पुरतं. भाऊजींच्या गाड्यांचा, मिक्सरचा, पोळपाटाचा मी इतका हेवा केला. त्यातलं आता काही राहिलं नाही, पण हेवा गेला असं नाही. माझ्या नवऱ्याचा हात पापणी लवेल एवढा थांबतो, हे त्यांनी पाहिलं. मी त्या हातावर रोज पाणी घालते.

या गुरुवारी मी मेथीची जुडी घेऊन जिन्यावर बसले. मनीषाने विचारलं, "ताई, इथे कुठे निवडताय?"

म्हटलं, "घरात उकडतंय."

आणि मान खाली घालून निवडत राहिले, खालून हाक यायची वाट बघत.