पुसणे: दोन सेकंद

शाळेच्या संगणक खोलीसाठी बारा नव्या डिस्क घ्यायच्या होत्या. आधी एक तपासून अहवाल द्या, असं मुख्याध्यापिकाबाईंनी निवृत्त गणित मास्तरांना सांगितलं, आणि खडूएवढ्या लांबीची, पट्टीसारखी चपटी ती डिस्क मास्तरांच्या संगणकात बसली. आत फिरणारं काही नाही, म्हणून आवाज नाही आणि वाट बघणंही नाही, असं बाईंनी समजावलं होतं. बायको गेल्यापासून घरात आवाज तसाही नव्हता.

मास्तरांची शिस्त चाळीस वर्षांची. एक गणित झालं की फळा पुसायचा, मगच दुसरं. तेही इतक्या घाईने, की मागच्या बाकांवर वह्या कोऱ्याच राहायच्या. त्याच बाकांवरची एक मुलगी पुढे त्यांची सून झाली. एरवी ती त्यांना बाबा म्हणे. काही बिनसलं की सर.

परीक्षेला मोठी फाइल हवी होती. सगळ्यांत मोठी होती बायकोची चाळीस मिनिटांची, एकुलती एक चित्रफीत. एक वस्तू दोन जागी ठेवणं मास्तरांना पटत नसे. त्यांनी ती जुन्या डिस्कवरून उचलून नवीवर नेली. जुनीवर उघडायला पाऊण मिनिट लागे; इथे पापणी लवायच्या आत उघडली. मास्तरांनी वेळ टिपला, पुढच्या चाचणीसाठी सवयीने डिस्क साफ केली आणि वहीत लिहिलं, ‘पुसणे: दोन सेकंद. उत्तम.’

मग तुलनेसाठी जुनी डिस्क शाळेच्या सामानाने तीनदा काठोकाठ भरली, तीनदा रिकामी केली. सरासरी काढताना त्या ‘उत्तम’वर नजर गेली आणि पेन हातातच राहिलं.

त्यांनी संगणक दुरुस्तीवाल्याला फोन लावला. जुनीवरचं पुसलेलं कधीकधी परत मिळतं, तो म्हणाला, पण तिच्यावर तुम्ही तीनदा भरलंत. नवीचं तर विचारूच नका.

"काका, इतकं पद्धतशीर कुणी घालवत नाही."

सून दारात येऊन उभी होती. मास्तरांचा चेहरा बघून तिने विचारलं, "सर, काय पुसलंत?"

"तुझ्या सासूबाईंना."

ती आत जाऊन पेनड्राइव्ह घेऊन आली.

"सकाळी तुम्ही घड्याळ शोधत होतात, तेव्हाच उतरवून घेतलं. तुमच्या वर्गात दहावी काढलीय मी."

मास्तरांनी अहवाल पुरा केला: ‘वेग उत्तम. शाळेने जरूर घ्यावी. शिक्षकांच्या हाती देऊ नये.’

मग चित्रफीत लावली. पडद्यावर बायको ताठ बसलेली, आणि मास्तर नेहमीसारखे कॅमेऱ्याशी झटत असलेले, म्हणून दिसत नव्हते.

"अहो, किती वेळ? सुरू झालं का ते?"

"झालं गं," खुर्चीतले मास्तर पडद्याकडे बघत म्हणाले. "आता लगेच होतं."

बायको थोडा वेळ समोर बघत राहिली. मग तिने पुन्हा विचारलं, "झालं का?"