अकराशे एकवाला टीव्ही गेम

मला भाव ठरवता येतो! ही बढाई नव्हे, माझी नोकरीच ती आहे. देवासच्या कारखान्यात बारा वर्षं मी कॉस्टिंगला आहे. नट कितीला, बोल्ट कितीला, सगळं हा शरदचंद्र सांगणार. त्यामुळे पंच्याऐंशीच्या जानेवारीत स्कूटरचं पत्र आलं आणि सातशे रुपये कमी पडले, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

आठ वर्षांपूर्वी नोंदवलेली स्कूटर हो! पत्रात लिहिलं होतं, महिनाअखेर पैसे भरा, नाहीतर नंबर पुढच्याला. पुढचा म्हणजे आमच्याच कॉलनीतला भास्कर. नोंदणीच्या रांगेत तो माझ्या मागेच उभा होता. तेव्हापासून माझ्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करायचा.

मी स्कूटरच्याच पैशांतून तीन हजार काढले आणि मुंबईच्या मेव्हण्याकडून पाच टीव्ही गेम आणवले. अगदी नवी चीज! एक डबा, त्याला दोन मुठी. टीव्हीला वायर जोडली की पडद्यावर दोन काठ्या आणि एक पांढरा ठिपका. काठीने ठिपका परतवायचा. बस.

"सहाशेला पडला, सातशे एक्कावन्नला विकायचा," मी बायकोला म्हटलं. "एकच भाव!"

"आणि नाही विकला गेला तर?" शशिकलाने विचारलं.

"कॉस्टिंग कोणाचं आहे?"

आठवडाभरात एकही गेला नाही. भास्कर त्याच्या माळवी हिंदीत म्हणाला, "भिया, डब्बे के साडेसातशे? कुछ तो कम कर!" कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बापूसाहेबांचे वडील धार दरबारात कारभारी होते. बापूसाहेबांनी भाव ऐकून डबा बोटाने दूर सरकवला. "साडेसातशेत काय चांगलं येणार?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाव वस्तूचा नसतो, माणसाचा असतो! दुसऱ्या दिवशी तोच डबा मी बापूसाहेबांकडे परत नेला. "कालचा साधा होता. हा खास. अकराशे एक." त्यांनी लगेच पाकीट काढलं. भास्करला नऊशे सांगितले, अर्धा तास घासाघीस करू दिली आणि आठशे एकला दिला. लढाई जिंकल्यासारखा गेला. उरलेल्या तिघांनाही तसंच. प्रत्येकाच्या कानात मंत्र एकच, "फक्त तुमच्यासाठी हं, कुणाला बोलू नका!"

चार दिवसांत पाचही खपले. मी स्कूटरचा रंगसुद्धा ठरवला.

"माईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे," शशिकला म्हणाली. "सगळ्या जणी येणार."

"बायका तिथे टीव्ही गेमचं बोलत नाहीत."

त्या दुसरं काही बोलल्याच नाहीत! माई म्हणजे बापूसाहेबांची बायको. त्यांनी तिळगुळाबरोबर भावही वाटला. हे कळल्यावर मी बापूसाहेबांना परत द्यायला तीनशे रुपये काढून ठेवले. महाग पडला म्हणून तेच भडकणार ना?

आला भास्कर. काखेत डबा, मागे त्याची बायको मालन.

"भाऊजी, आम्हाला साधा दिलात!" मालनच्या डोळ्यांत पाणी होतं. "माईंचा ठिपका बघितला मी. केवढा गोल आहे!"

"वहिनी, त्यांचा टीव्ही मोठा आहे."

"टीव्हीचं सोड," भास्कर म्हणाला. "वरचे तीनशे घे, पर माल वही चाहिए!"

त्याच्या मागे बाकीचे तिघे डबे घेऊन उभे होते. सरळ माणसाने इथे खरं सांगून टाकलं असतं. पण चौघांचे तीनशे म्हणजे बाराशे! मी डबे ठेवून घेतले, मुंबईहून खास मागवतो म्हटलं, आणि आठव्या दिवशी याचा त्याला, त्याचा याला दिला. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे तिला कुंकू लावतात. ते मी ओल्या फडक्याने नीट पुसलं होतं. वरच्या बाजूचं.

सेल घालायला मालनने डबा उलटा केला. खाली कुंकवाचं स्वस्तिक! त्या तिघांतल्याच एका घरच्या, शेजारच्या अक्कांच्या हातचं, वळणासकट.

दहा मिनिटांत सगळी कॉलनी माझ्या दारात. शेवटी मी ओरडलो, "अहो, पाचही एकच आहेत! खास असं काही नाहीच!"

कुणाचाही विश्वास बसला नाही. दुसऱ्याचा वापरलेला साधा माल खास म्हणून खपवला, असं ठरलं आणि चौघांनी पैसे वसूल केले. विश्वास बसला तो एकट्या बापूसाहेबांचा. त्यांनी स्वतः येऊन डबा टेबलावर ठेवला. "सगळ्यांकडे आहे तोच? मग आम्हाला कशाला?"

एकतीस तारीख गेली. मला खरंच रडू आलं. पाच टीव्ही गेम घरात, आणि आमच्याकडे टीव्ही नाही. शशिकलाने चहाचा कप पुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कॉस्टिंग कोणाचं आहे?"

आता रोज सकाळी भास्कर मला स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात नेतो. मनाने चांगला आहे. टेकडीखालच्या वळणावर मात्र वेग कमी करून रोज विचारतो, "शरद भिया, सच बता. बापूसाहेबांचा खास होता ना?"

एकदा मी खरं सांगितलं होतं. त्या दिवशी त्याने मला तिथेच उतरवलं.

"होता," मी म्हणतो. "तुझा साधा होता."

भास्कर खूश होऊन गिअर टाकतो. कारखाना तिथून अजून तीन किलोमीटर आहे.