रविवारची साखर

साहेब पाच वाजता घरी येणार होते आणि साडेतीनलाच प्रोग्रामरने स्वयंपाकघरातले सगळे डबे बाहेर काढले होते.

"हे काय मांडून ठेवलंयस?" बायकोने दारातूनच विचारलं.

"माझ्या प्रोग्राममधला हॅशमधला हॅश समजून घेतोय. मोठा डबा, त्यात नावं लावलेले छोटे डबे. नाव घेतलं की वस्तू हजर. तीन नावं एकदम घेतली की तिन्ही हजर, ती स्लाइस."

"मग छोटे डबे कुठायत?"

"तीच तर गंमत! मोठ्या डब्यात खरं तर नुसता पत्ता असतो."

'सोमवार' लिहिलेल्या डब्यात तिला चिठ्ठ्या दिसल्या. पहिलीवर होतं: 'साखर, पुस्तकांचं कपाट, वरचा कप्पा.'

प्रोग्राम बसच्या वेळापत्रकाचा होता. सोमवारची प्रत काढून त्याने रविवार तयार केला होता. पण रविवारची बस रद्द केली की सोमवारचीही रद्द व्हायची. आज साहेबांसमोर प्रोग्राम नीट चालला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

त्याने सगळ्या चिठ्ठ्या हुबेहूब उतरवून 'रविवार'च्या डब्यात टाकल्या. मग रविवारच्या चिठ्ठीवरून साखरेपर्यंत गेला, तिच्यात चार चमचे मीठ कालवलं आणि समाधानाने म्हणाला, "रविवारची बिघडली. सोमवारची शाबूत."

साहेब वेळेआधीच आले. बायकोने सोमवारची चिठ्ठी वाचली, स्टुलावर चढून साखर काढली आणि चहा केला. साहेबांनी एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"खारट लागतोय?" प्रोग्रामरने घाईने विचारलं.

"म्हणजे... जरासा."

"पण ही सोमवारची साखर आहे!"

"अहो जावईबापू," दुपारपासून कोपऱ्यात बसून हा खटाटोप बघणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "चिठ्ठी दोनदा लिहिली म्हणून साखर दोनदा होते का? रविवारसाठी दुसरा डबा भरायचा होता."

प्रोग्रामर ताडकन उठला. नुसत्या पत्त्यांची नव्हे, आतल्या प्रत्येक डब्याची वेगळी प्रत! त्याने चार ओळी बदलल्या, तोवर सासूबाई स्वयंपाकघर आवरून आल्या. रविवारची बस रद्द झाली, सोमवारची सुटली.

"छान. काम तुमच्याकडेच," साहेब म्हणाले. "आता तोंडाची खारट चव जायला एखादं बिस्कीट मिळेल?"

बायको आत गेली आणि तशीच परतली. "आई, डब्यातल्या चिठ्ठ्या?"

"डबे घासायला घेतले, त्यात लगदा झाला गं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "बिस्किटं कुठे ठेवलीस?"

"लिहून ठेवलं होतं ना," तो म्हणाला, "म्हणून लक्षात नाही ठेवलं."