आठवण काढू नका

ढाकणे सरांपुढे "विसरलो" म्हणायची सोय नाही. गल्लीतल्या दूधवाल्यानं एकदा म्हणून बघितलं. झालं, भर फाटकात त्याची शाळा घेतली. "इसरला न्हाईस बे, तुझ्या मेंदूत प्रथिनच बनलं न्हाई." त्याला वाटलं दुधाबद्दल बोलतायत. माझ्या दुधात लई प्रथिन हाय, म्हणाला. त्यावर सरांनी त्याच्या दुधाची अशी अब्रू काढली, की तो परत त्या फाटकाशी फिरकला नाही. आता सरांचं दूध आमच्या घरी उतरतं आणि नेऊन द्यायची कटकट माझ्यामागं.

गेवराईत आमची भिंतीला भिंत. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले, जीभ मात्र अजून नोकरीत आहे. माझीही काही कमी नाही, त्यामुळे आमची जुंपतेच.

"आठवण म्हंजे हवा न्हाई ताई, वस्तू हाय," ते सांगतात. मेंदूतल्या दोन पेशी भेटतात तिथं नवं प्रथिन बनतं, मग जोड पक्का होतो. पण आठवण काढली की तो पुन्हा ढिला पडतो, पुन्हा नवं प्रथिन लागतं, आणि तेवढ्यात जवळ असेल ते आत शिरतं, मूळची आठवण बिघडते. म्हणून "आठवण काढली" म्हटलं की सर भडकतात. लिंबागणेश गावचा साडू फोनवर म्हणाला, लई आठवण काढतो तुमची. "कशापायी काढता? बिघडंल की," म्हणून यांनी फोनच ठेवला.

इथवर मी हसण्यावारी नेलं. सुमनवहिनींच्या वर्षश्राद्धाला मात्र माझं डोकं फिरलं.

सुमनवहिनी म्हणजे सरांची बायको. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. "अवो" नाहीतर "सर". घेतलं ते एकदाच, या घराच्या वास्तुशांतीला. आम्ही बायकांनी दार अडवलं होतं, उखाण्याशिवाय आत सोडलंच नाही.

श्राद्धाच्या पंगतीत त्याच उखाण्याचा विषय निघाला. एक म्हणाली चांदीची वाटी होती, दुसरी म्हणाली गोदेचा काठ होता, तिसरीनं तिसरंच जोडलं. डोळे पुसत सगळ्या हसत होत्या. तेवढ्यात सर आतून आले. "बास. तिची आठवण काढू नका. उठा."

भरल्या ताटावरून उठवलं हो बायकांना! तेही श्राद्धाच्या जेवणावरून. पहाटेपासून चुलीशी मी राबले होते. अन्नाचा अपमान, माणसांचा अपमान, गेलेल्या बाईचाही अपमान.

बायका गेल्या तशी मी पदर खोचला आणि सरांना गाठलं. म्हटलं, तिचं नाव काढायचीही चोरी? माणूस आहात का दगड?

सर उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचीच मला धास्ती वाटली.

"वर्षभर रोज काढली ताई. नुसता तेवढाच उखाणा. बिघडणार हे मला ठाऊक हुतं, पोरांना तेच शिकवत आलो. पण राहवंना. आता शब्द हायेत, आवाज तिचा न्हाई. माझंच नाव मला माझ्याच आवाजात ऐकू येतंय."

मी खोचलेला पदर सोडला.

"दार अडवून तुमी उभ्या हुत्या," ते म्हणाले. "तुमाला येतो का तिचा आवाज, अजून?"

येत होता. लाजलेला, "उत्तमराव" म्हणताना अडखळलेला. मी म्हटलं, थांबा, तशीच म्हणून दाखवते.

त्यांनी घाईनं हात आडवा धरला.

"नका काढू. तुमच्यापाशी तरी तिला धड राहू द्या."

तेव्हापासून तो उखाणा ओठावर आला तरी मी गिळते. वहिनी माझीही मैत्रीण होती, मलाही तिचा आवाज ऐकावासा वाटतो, आणि तेव्हा या माणसाचा असा संताप येतो म्हणून सांगू.