रिकाम्या गोलाचा विनोद

मॉस्कोतील एका चित्रपट-कारखान्याच्या वार्षिक योजनेत एका संगीतमय विनोदी चित्रपटाचा समावेश होता. विषय फुटबॉल, आणि प्रेक्षक न हसल्यास जबाबदारी दिग्दर्शक इनोकेंती साव्विच यांची, असेही योजनेत नमूद होते. इनोकेंती साव्विच निश्चिंत होते. त्यांच्यापाशी एक दृश्य होते. ट्रॅक्टर कारखान्याचा गोलरक्षक प्रेयसीला उद्देशून गाण्याची शेवटची ओळ म्हणतो, भावनेच्या भरात डोळे मिटतो, आणि चेंडू त्याच्या पायांमधून सावकाश, जवळजवळ अदबीने, जाळ्यात जातो. ते जोडताना संकलक फाइना बोरिसोव्ना इतकी हसली, की तिच्या हातून फिल्मच फाटली.

चित्रपटांना मंजुरी देणाऱ्या कला परिषदेत मात्र कोणी हसले नाही, कारण अध्यक्ष कॉम्रेड प्ल्यूस्निन हसले नव्हते.

"इनोकेंती साव्विच, ट्रॅक्टर कारखान्यातला माणूस कामावर असताना डोळे मिटतो?"

"कॉम्रेड, तो गातोय."

"गाऊ दे की. गाण्याला कोण नाही म्हणतंय? चेंडू अडवून गाऊ दे."

चेंडू अडवण्यात आला. त्यावर, चित्रपटातला प्रतिस्पर्धी संघ ज्या साबण कारखान्याचा होता, त्याच्या कामगार संघटनेची हरकत आली: आमच्या खेळाडूंचा नेम चुकतो असे सुचवणे हा समस्त साबण-उद्योगाचा अधिक्षेप होय. प्रतिस्पर्धी परदेशी करावा, तर तो दुबळा दाखवल्यास विजयाला मोल नाही, आणि बलवान दाखवल्यास दिग्दर्शकाच्या निष्ठेला नाही. सबब प्रतिस्पर्धी संघच वगळण्यात आला. मग गोलरक्षक नुसताच उभा राहू लागला. हे कामचुकारपणाचे उदात्तीकरण ठरून त्याला गोलातून काढून आघाडीच्या फळीत खेळायला धाडण्यात आले.

"मग आता गोलात कोण?" फाइना बोरिसोव्नाने कात्री खाली ठेवत विचारले.

"कोणी नाही," इनोकेंती साव्विच म्हणाले.

"आणि चेंडू?"

"एका चेंडूमागे इतकी माणसं धावताना बघून दुकानापुढची रांग आठवते म्हणे. तोही काढा."

"अहो, मग लोक हसणार कशाला?"

"नाही हसले, तर तुरुंगात मला खाण्याचं पुडकं आणून द्याल ना?"

"पुडकं आणीन. हा चित्रपट मात्र पुन्हा बघायला लावू नका."

चित्रपटाच्या पहिल्या खेळाला सभागृह तुडुंब भरले होते. गाणी झाली, प्रेक्षक गंभीर. शेवटच्या रांगेत इनोकेंती साव्विच घाम पुसत होते. अखेर पडद्यावर रिकामा गोल आला. वाऱ्याने जाळे किंचित हलले. नेमके त्याच क्षणी, पहिल्या रांगेत बसलेल्या कॉम्रेड प्ल्यूस्निन यांना स्वतःच वगळायला लावलेले, डोळे मिटलेल्या गोलरक्षकाचे दृश्य आठवले. त्यांनी तोंडावर टोपी धरली, पण खांदे आवरेनात. परिषदेने ते खांदे पाहिले आणि परिषद हसली. मागोमाग सारे सभागृह हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेजाऱ्याच्या अंगावर कोसळत हसले. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी रिकाम्या गोलातील सूक्ष्म विनोदाची मीमांसा केली, आणि इनोकेंती साव्विच यांना आणखी एक विनोदी चित्रपट काढण्याचा आदेश मिळाला.

त्या प्रेक्षकांना मूर्ख ठरवण्याची घाई चोखंदळ वाचकाने करू नये. येथवर वाचताना आपण हसला असालच. शीर्षकात 'विनोद' हा शब्द नसता, तर नेमके कोठे हसला असता, एवढे मात्र एकांतात तपासून पाहावे.