चाळीस मिनिटांत सोमा

माणूस मेल्यावर गोरा होतो, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. पालेगाव ते कात्रप कुठल्याही घरात जा. भिंतीवरचा मयत माणूस खाली बसलेल्या त्याच्या मुलांपेक्षा दोन छटा उजळ असतो. (मेल्यावर उन्हात जावे लागत नाही, हे कारण असावे.)

पालेगावचा सोमा वारला तेव्हा त्याचा फोटो एकच निघाला, मतदार ओळखपत्रावरचा. तो सोमा आहे हे खालचे नाव वाचल्यावरच कळे. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आले. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खिळा ठोकून तयार होता. तेव्हा मुलगा हरिचंद्र, सून विनिता आणि सोमाची बायको सखू असे तिघे उल्हासनगरला हरेशच्या दुकानात गेले. हरेश कॉम्प्युटरवर पेनाने माणूस रंगवतो. चाळीस मिनिटांत, चहा धरून.

सखूचे मागणे लहान होते. सोमाच्या डाव्या भुवईवर तिरका वण होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनेच उलथने फेकून मारले होते. (भाताला उशीर झाला म्हणून सोमा काय बोलला होता, ते कुटुंबाने गोपनीय ठेवले आहे.) त्यानंतर बेचाळीस वर्षे सोमा गावाला सांगत राहिला, म्हशीने शिंग मारले. हल्ली सखूने डोळे मिटले की नवऱ्याचा चेहरा धुकट दिसे. वण तेवढा जागेवर असे. तिथून धरून ती बाकीचा चेहरा शोधून काढी.

हरेशची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. प्रथम करडी सावली काढायची. या पायरीवर सगळी माणसे सारखीच दिसतात, म्हणून तो ती काढत बसत नाही, तयारच ठेवतो. मग कोट. सोमाने जन्मभर बंडी घातली, पण फाइल कोटाचीच आहे. पालेगावातले सात मयत तोच कोट घालून बसलेत आणि अजून एकही बटण तुटलेले नाही. ओळखपत्रात नाक नीट नव्हते, ते हरिचंद्रचे घेतले. टाय विनिताने सोफ्याला शोभेलसा निवडला. रंगासाठी पडद्यावर एक पट्टी असते. ती काळ्या बाजूला सरकवल्याची नोंद दुकानात नाही. शेवटी डोळ्यांत पांढरा ठिपका टाकला की माणूस जिवंत होतो. (वैद्यकशास्त्राने याची दखल घेतलेली नाही.)

"वण कुठं हाय?" सखूने विचारले.

"आई, तो घातला ना, तर लोकांना वाटेल प्रिंट खराब आली," हरेशने समजावले.

"येऊं दे खराब. मना मानूस घरा न्यायचाय."

हरिचंद्रने आवाज उतरवला. "आये, सोसायटीची लोकं येनार. बाबा मारामारी करायचा, असं वाटंल त्यांना."

"त्यानी कदी केली? मीनी केली."

हरेश मनाने मऊ. त्याने पेनाच्या एका फटकाऱ्यात भुवईवर वण रेखून दाखवला. सखूने पडद्यावर बोट ठेवले. आठ सेकंद सोमा दुकानात होता.

मग मत घेण्यात आले. वण ठेवावा, एक, पुसावा, दोन. सोमा तटस्थ राहिला. हरेशने सखूचे बोट अदबीने बाजूला केले आणि वण पुसला.

वर्षश्राद्धाला त्रेसष्ट माणसे आली. एकसष्ट जणांनी फोटो हुबेहूब असल्याचे सांगितले. त्यांपैकी चाळीसांनी सोमाला कधी पाहिले नव्हते, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती धरावे लागेल. बासष्टावी सोमाची बहीण भागीरथी. तिने सखूला विचारले, हे साहेब कोण? सखू म्हणाली, हरिचंद्रच्या कामावरचे कुणी असतील. त्रेसष्टावे भटजी, त्यांना घाई होती.

दुपारी पंगत उठल्यावर सखू भिंतीकडे पाठ करून आडवी झाली. डोळे मिटले. चेहरा लगेच आला, स्वच्छ, गोरा, टायसकट. कुठूनच धरता येईना.

वाचकांना हसू आले असेल तर हरकत नाही. हसून झाल्यावर आपला मोबाइल उघडावा आणि स्वतःचा असा एक फोटो शोधावा, ज्यात सुरकुती, मस आणि डोळ्यांखालचे काळे जागच्या जागी आहे. नाही सापडला तर घरच्यांना हरेशकडे पाठवायची गरज नाही. तुमचे काम तुम्ही जिवंतपणीच, स्वतःच्या हाताने उरकून ठेवले आहे.