आईच्या घरात नऊ मुलगे

गुरुवारी दुपारी, सँडविचचा पहिला घास तोंडात असतानाच, रोवेनाने संगणकावर आईचं घर काढून पाहिलं. घरात आई नव्हती. नऊ मुलगे होते. धाकटा तेरा वर्षांचा, थोरला सतरा. तिने सँडविच बाजूला ठेवलं.

ऑकलंडच्या माउंट ईडन भागातलं ते घर दोन बेडरूमचं. वडील गेल्यापासून सहा वर्षं नोलाबाई तिथे एकट्या राहत होत्या, आणि रोवेना दर रविवारी वेलिंग्टनहून फोन करून त्या जिवंत, जेवलेल्या आणि दाराला कडी लावलेल्या आहेत याची खात्री करून घेत होती.

रोवेनाचं कामच खात्री करण्याचं होतं. दर पाच वर्षांनी दारोदार फिरून माणसं मोजायचा सरकारला कंटाळा आला होता. त्याऐवजी डॉक्टर, शाळा, पेन्शन, लायसन्स, विमानतळ अशा सगळ्या कचेऱ्यांच्या नोंदी जोडून साऱ्या देशाची एकच नोंदवही तयार करायची होती. एका माणसाचे चार कचेऱ्यांत चार पत्ते निघाले तर खरा कोणता, हे ठरवायचे नियम तीन वर्षं खपून रोवेनाने लिहिले होते. मोठ्यांसाठी डॉक्टरकडचा सर्वांत ताजा पत्ता खरा, मुलांसाठी शाळेतला. नोंदवहीत नावं दिसत नसत. नुसतं वय, लिंग आणि घर. फक्त चाचणीसाठी चाळीस कुटुंबांनी लेखी परवानगी दिली होती आणि घरात खरोखर किती माणसं राहतात तेही कागदावर लिहून दिलं होतं. एकोणचाळीस घरं जवळजवळ बिनचूक जुळली. चाळिसावं नोलाबाईंचं. कागदावर एक माणूस, नोंदवहीत नऊ, आणि त्या नवांत नोलाबाई नाहीत.

शेजारच्या टेबलावरचा सेमिसी खुर्ची सरकवत आला. टोंगा बेटांकडचा माणूस, अंगाने आडवा, बोलायला सावकाश. त्याने आईच्या नोंदीचा माग काढला.

"सापडली," तो म्हणाला. "वायहेकी बेटावर आहे. दोन माणसांचं घर. दुसरा पुरुष आहे, शहात्तर वर्षांचा."

रोवेनाने त्याला समजावलं की ही दुसरीच कुणीतरी नोला असणार, दोघींच्या नोंदी चुकून एकमेकींना चिकटल्यात. सेमिसीने तेही तपासून पाहिलं. चिकटल्या नव्हत्या.

तिने आईला फोन लावला. कायद्याने नोंदवहीतलं अक्षरही बाहेर सांगायची सोय नव्हती, म्हणून आडून आडून विचारलं, की घरी हल्ली कुणी येतं-जातं का. नोलाबाई म्हणाल्या, या वयात माझ्याकडे कोण येणार, मी आपली टोमॅटोला पाणी घालतेय. मागे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते. माउंट ईडनला समुद्र नाही. पण नऊ मुलग्यांपुढे पक्ष्यांचं काय घेऊन बसायचं, म्हणून रोवेनाने ते कानाआड केलं.

सोमवारी समितीपुढे नोंदवही मांडायची होती. समितीने मान डोलावली तरच पुढचं काम, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. आईचं घर चुकलंय म्हणजे नियम चुकलाय, असा रोवेनाने निष्कर्ष काढला आणि शुक्रवारी सकाळी नियमाला हात घातला. सत्तरीपुढच्या माणसाचं स्वतःच्या मालकीचं घर असेल, तर डॉक्टर काहीही म्हणो, तो त्या घरातच राहतो.

नोलाबाई तत्काळ घरी परतल्या. त्यांच्याबरोबर देशभरातले तीस हजार म्हातारेही परतले. वृद्धाश्रम ओस पडले. अंथरुणाला खिळलेली माणसं समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यांत एकेकटी जाऊन राहिली. रोवेना हबकलीच, पण आई घरी होती, म्हणून तिने तिकडे जरा काणाडोळा केला आणि मुलग्यांकडे वळली. नियम दुसरा: ज्या घरात आई-बाप नाहीत तिथे मूल राहत नाही, त्याला आईकडे पाठवा.

नऊच्या नऊ मुलगे गेले. त्यांच्यामागोमाग वसतिगृहं रिकामी झाली, आणि आजी-आजोबांकडे वाढणारी हजारो मुलं एका फटक्यात घराबाहेर निघाली. त्यांत सेमिसीचा भाचाही असणार होता. तो आजीकडेच लहानाचा मोठा झालेला.

सेमिसीने चष्मा काढून पुसला. "रो, तुझ्या आईला घरी आणायला तू अख्खा देश हलवते आहेस."

"मग मी काय करू?"

"विमान पकड. जाऊन बघ."

इतकी वर्षं दारोदार जाणं बंद व्हावं म्हणून झटलेली रोवेना शनिवारी सकाळी ऑकलंडला आईच्या दारात उभी राहिली.

घंटा वाजवली, कुणी आलं नाही. हिरवळ मात्र गालिच्यासारखी कापलेली. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. फ्रिज बंद, दार किलकिलं ठेवून मध्ये टॉवेल खोचलेला. बिछान्यावर चादर नाही. भिंतीवरच्या खिळ्याला वडिलांचा फोटो नाही. सिंक कोरडं ठणठणीत. आई गेली आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण परवाच तर ती फोनवर बोलली होती.

बाहेर पत्रपेटीचं झाकण वाजलं. एक पन्नाशीचा गृहस्थ पेटीत हात घालून पाकिटं चाळत होता. सगळ्या पाकिटांवर एकाच नामांकित शाळेचा शिक्का, नावं मात्र निरनिराळी. रोवेनाच्या हातातली फाइल पाहून तो पांढराफटक पडला.

"तुम्ही शाळेतून आलात का?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाटही न बघता म्हणाला, "आम्ही इथेच राहतो. सहकुटुंब."

"मी इथेच वाढले," रोवेना म्हणाली. "नोला माझी आई."

त्याने पाकिटं छातीशी धरली. "म्हणजे मग... आपण घरातलेच."

त्याच्या बोलण्यातून हळूहळू सगळा उलगडा झाला. शाळा हद्दीबाहेरचा मुलगा घेत नाही, आणि नोलाबाईंचं घर हद्दीच्या आत, कडेला. पहिला मुलगा त्यांच्याबरोबर पत्त्यांतलं ब्रिज खेळणाऱ्या मैत्रिणीचा नातू. मग त्याचा मित्र, मित्राचा चुलतभाऊ. नोलाबाईंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. अट एकच, आळीपाळीने हिरवळ कापायची.

"आणि आई कुठे आहे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक नाही? त्या डेसकडे असतात. वायहेकीला."

बोटीवर चाळीस मिनिटं रोवेना कठड्याला धरून उभी होती. आजूबाजूला पिकल्या केसांची जोडपी चहा पीत बसलेली. प्रत्येक जोडप्याकडे ती संशयाने पाहत होती.

बेटावरच्या त्या घराच्या ओट्यावर एक उंच म्हातारा मासे तळत होता, आणि नोलाबाई अनवाणी, शेतकऱ्याची असते तसली टोपी घालून, टोमॅटोला पाणी घालत होत्या. वडिलांचा फोटो खिडकीत होता, समुद्राकडे तोंड करून. लेकीला पाहून त्यांनी नळ बंद केला.

"कोणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

रोवेनाला खरं सांगता येत नव्हतं. "किती दिवस झाले?"

"वीस महिने."

"आई, मी दर रविवारी फोन करते."

"करतेस ना. गोळ्या घेतल्यास का, हीटर बंद केलास का, कडी लावलीस का, जेवलीस का. चारी प्रश्नांची मी खरी उत्तरं दिलीत. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, हे तू कधी विचारलंस?"

"पण तू त्या कागदावर सही केलीस. घरात एक माणूस म्हणून."

"तो एकचा आकडा तूच घालून पाठवला होतास, बाई. तुला इतकी खात्री होती की मला खोडायचं जिवावर आलं." नोलाबाई पायरीवर बसल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाकी सगळ्यांना मी खरं सांगितलंय. डॉक्टरला, लायसन्सवाल्यांना. एकटीची पेन्शन जास्त असते, तीही सोडली. सरकारला सांगणं सोपं गं. ते रडत नाही, आणि तुझ्या बाबांना विसरलीस का असंही विचारत नाही."

रोवेना तसं काही विचारणार नव्हती. निदान आता तरी. ती आईच्या शेजारी बसली. डेसने तिच्या पुढ्यात माशाची बशी ठेवली आणि विचारलं, लिंबू हवंय का.

सोमवारी सकाळी तिने दोन्ही नवे नियम पुसून टाकले. म्हातारे वृद्धाश्रमांत परतले, मुलं आपापल्या आज्यांकडे. समितीपुढे तिने सगळं सरळ सांगितलं. चाळीस घरांपैकी एक जुळलं नाही. त्यातल्या मुलांच्या बाबतीत शाळेच्या पत्त्यावर विसंबण्यात आपली चूक झाली, तो नियम बदलायला हवा. शिक्षणखात्याच्या माणसाने लगेच ते घर कुठलं, हे विचारलं. कायद्याने सांगता येत नाही, असं ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या कायद्याबद्दल माया वाटली.

"आणि ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई?" अध्यक्षबाईंनी विचारलं. केस पांढरे, आवाज करवतीसारखा.

"तिथे नोंदवही बरोबर होती. कागद चुकीचा होता. तो घरच्या माणसाने भरला होता."

"घरच्या माणसाला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "पोटच्या मुलांना पत्ता नाही आणि सरकारला ठाऊक, अशी घरं देशात किती असतील?"

"ते अजून मोजलेलं नाही," रोवेना म्हणाली.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, निर्णयाआधी दहा मिनिटं चहासाठी थांबू. समितीतलं कुणीही चहाकडे फिरकलं नाही. रोवेना कप घेऊन बाहेर आली तेव्हा अख्खी समिती व्हरांड्यात पांगून, भिंतीकडे तोंड करून, फोनला चिकटली होती. शिक्षणखात्याचा माणूस आईला म्हणत होता, की नाही गं, सहजच केला. आणि कोपऱ्यात अध्यक्षबाई, त्या करवतीच्या आवाजाला होईल तितकी मऊ धार लावत, विचारत होत्या, "बाबा, तुम्ही घरीच आहात ना? ... बरं. मग हे मागे गातंय कोण?"